एक चूक काढली, तीस आल्या

संगणकाने इंग्रजीत चार ओळी लिहिल्या की आमच्या वस्तीतल्या मुलांचे चेहरे पडतात. त्या ओळी ती वाचत नाहीत, मोजतात. "आपा, बारा एरर आले." "आपा, मेरे को सत्रा." जणू बारा आणि सतरा हे गुण आहेत, आणि जितके जास्त तितके आपण जास्त नापास. सी भाषेतला प्रोग्राम कंपाइल करायला दिल्यावर येणाऱ्या या ओळी म्हणजे निकालपत्र नव्हे, हे पटवण्यात माझे गेल्या काही वर्षांतले बरेच रविवार गेले आहेत. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

मी इचलकरंजीची. यंत्रांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांचे प्रोग्राम लिहिणं हा माझा पोटाचा धंदा, आणि ते बहुतेक सीमध्येच लिहावे लागतात. रविवारी सकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत डिप्लोमाची मुलंमुली येतात. तिथे देणगीतून आलेले दोन जुने डेस्कटॉप आहेत, त्यांच्यावर उबुंटू १८.०४ चालतं. तिसरा माझा लॅपटॉप, त्यावर नवं फेडोरा. मुलं उर्दू किंवा मराठी माध्यमातून दहावी झालेली. कुणाचे वडील मागावर, कुणाचे गॅरेजात, कुणाची भाजीची गाडी. गणित त्यांना येतं. तर्कही येतो, नाहीतर ती इथवर पोचलीच नसती. ती अडतात ती त्या चार ओळींपाशी.

गेल्या वर्षी अशीच एक मुलगी प्रॅक्टिकलच्या तीन आठवडे आधी म्हणाली, "आपा, ये अपने बस का नै. मैं मशीन पे बैठती." मशीन म्हणजे शिलाईचं मशीन. घरी सांगून झालं होतं. तिच्या अब्बांनी फीसाठी उसने पैसे घेतले होते, तरी ते एक शब्द बोलले नव्हते, आणि ते न बोलणंच तिला जास्त लागलं होतं. कुठला प्रोग्राम अडला, असं मी विचारलं. वर्गसमीकरणाची मुळं काढायचा, म्हणाली.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मीने वर्गसमीकरणं सोडवण्याच्या रीती पुस्तकात मांडल्या. त्या पुस्तकाच्या नावातल्या 'अल्-जब्र'वरून 'अल्जिब्रा' शब्द आला आणि त्याच्या नावावरून 'अल्गोरिदम'. हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, कारण त्याचे मेसेज आपण एकमेकांना अभिमानाने पाठवत असतो. पण त्याच समीकरणाचा प्रोग्राम अडला म्हणून शेजारची पोरगी शिक्षण सोडायला निघते, तेव्हा तिच्या शेजारी स्टूल ओढून बसणारं कुणी नसतं. अभिमानापेक्षा स्टुलाची गरज जास्त आहे.

तर आम्ही जुन्या डेस्कटॉपवर तिचा प्रोग्राम जीसीसी या कंपायलरला दिला. एकच एरर आली: कोनिओ डॉट एच, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. अशी फाइल नाही. खाली आणखी एक ओळ, 'कंपायलेशन टर्मिनेटेड', म्हणजे काम इथेच थांबवलं. तिने ही ओळ वहीच्या मागच्या पानावर सहा वेळा उतरवून ठेवली होती, पण ती काय म्हणते हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. कारण तिच्या मते ती ओळ तिला उद्देशून होती. तुला येत नाही, एवढाच तिचा अर्थ.

मी विचारलं, "कोण बोलतंय हे?"

ती म्हणाली, "कंप्यूटर."

इथेच खरी गोम आहे. बोलणारा एकच 'कंप्यूटर' नसतो. आपण एक आज्ञा देतो, पण आत चार कारागीर ओळीने बसलेले असतात आणि एकाच्या हातून सुटलेलं काम दुसऱ्याकडे जातं. पहिला सामान गोळा करणारा, त्याला प्रीप्रोसेसर म्हणतात. हॅशच्या खुणेने सुरू होणाऱ्या ओळी त्याच्या. ज्या फाइली मागितल्या त्या आणून तो प्रोग्रामात चिकटवतो. दुसरा खरा कंपायलर. तो व्याकरण तपासतो, कुठली वस्तू कुठल्या प्रकारची ते पाहतो आणि सगळं असेंब्लीत उतरवतो. तिसरा असेंब्लर, तो त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो आणि विद्यार्थ्यांशी सहसा भांडत नाही. चौथा लिंकर. आयटीआयमध्ये जोडारीचा ट्रेड असतो ना, तसा हा जोडारी. सुटे भाग जोडून चालणारा प्रोग्राम करणं त्याचं काम. चौघांची तक्रार करायची पद्धत वेगळी. कोण बोलतंय हे ओळखलं की अर्धं काम झालं, कारण मग कुठे बघायचं नाही हे कळतं.

कोनिओची तक्रार पहिल्या माणसाची होती. त्याला सामान सापडलं नाही. तिच्या तर्कात काही बिघाड आहे, असं त्याने म्हटलंच नव्हतं. तिचा तर्क त्याने अजून पाहिलाही नव्हता.

सामान का सापडलं नाही, याला इतिहास आहे. सी भाषा डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये घडवली. १९८७ साली बोरलँड कंपनीचा टर्बो सी आला, डॉसवर चालणारा, निळ्या पडद्याचा. पडदा पुसायला क्लिअर-स्क्रीन, एक कळ दाबली जाण्याची वाट पाहायला गेट-सीएच, अशा सोयी त्याने कोनिओ फाइलमधून दिल्या. त्या डॉसच्या जगातल्या सोयी होत्या. सीचं पहिलं प्रमाण १९८९ साली ठरलं. त्यात कोनिओ नाही आणि नंतरच्या कुठल्याही प्रमाणात नाही. पण आपल्याकडे कित्येक प्रयोगशाळांत टर्बो सी आजही डॉसबॉक्समध्ये बसवून चालवतात. नोट्स त्याच्या, झेरॉक्स त्याच्या, परीक्षेची उत्तरंही त्याची. मुलगी घरी किंवा अभ्यासिकेत लिनक्सवर बसली की तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं सामान आजच्या दुकानात मागते. दुकानदार नाही म्हणतो. यात तिचा काय दोष?

कोनिओची ओळ आम्ही काढली आणि पुन्हा कंपाइल केलं. पडदा भरून वाहिला. तीसच्या वर एरर.

त्या क्षणी तिने खुर्ची मागे सरकवली. ते मला अपेक्षितच होतं. दर वर्षी कुणी ना कुणी याच जागी उठतं. एक चूक काढली आणि तीस आल्या, म्हणजे आपण आणखी बिघडवलं, असं वाटतं. घडलेलं असतं नेमकं उलटं. मघाशी पहिला कारागीर दारातच थांबला होता, म्हणून पुढचं कुणी पाहिलंच नव्हतं. आता तो पुढे गेला आणि दुसऱ्याने पान वाचायला घेतलं. एरर वाढल्या, कारण काम पुढे सरकलं. माझ्या सगळ्या शिकवणीतलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. एररची संख्या म्हणजे चुकांची संख्या नव्हे.

मग त्या तीस काय होत्या? प्रत्येक ओळीत एकच शब्द दिसत होता: 'स्ट्रे', म्हणजे भटका. आणि त्यापुढे ३४२, २००, २३४ असे आकडे. नोट्स वर्गमैत्रिणीने वर्डच्या फाइलमध्ये पाठवल्या होत्या आणि वर्डने साध्या सरळ अवतरणचिन्हांची गोल, सुबक अवतरणचिन्हं करून टाकली होती. छपाईत ती शोभतात, सीला ती चालत नाहीत. असं एक गोल चिन्ह संगणकात तीन बाइटचं असतं आणि जीसीसीची ही जुनी सातवी आवृत्ती प्रत्येक बाइटची वेगळी तक्रार करते. तिच्या प्रोग्रामात अवतरणात मजकूर असलेल्या पाच जागा. पाच जागांची दहा चिन्हं, दहा चिन्हांचे तीस बाइट. हिशेब जुळला. शिवाय अवतरण मान्यच नसल्यामुळे आतल्या 'एंटर' शब्दाबद्दलही कंपायलर विचारत होता, की हा एंटर कोण, याची ओळख कुणी करून दिलेली नाही. एक कारण आणि एवढा गोंगाट. एकदा शोधून-बदलून घेतलं आणि सगळा गोंगाट मिटला.

आमचे अब्बा पॉवरलूमवर होते. ते सांगत, ताण्यातली एक तार तुटली आणि माग तसाच चालू ठेवला, की तुटकी तार शेजारच्या तारांत अडकते आणि त्याही तोडते. माणूस येऊन बघतो तेव्हा दहा तारा तुटलेल्या असतात. नवखा दहाही तारा गाठी मारत बसतो. जाणता पहिली शोधतो. कंपायलरपुढेही हेच करायचं. सगळ्यात वर जा, पहिली एरर वाचा, तेवढीच दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा. पडदा भरून वाहतो म्हणून मुलं शेवटची ओळ वाचतात, कारण तीच डोळ्यांसमोर असते. ती सहसा सगळ्यात निरुपयोगी असते. ज्यांना वर जायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी एक युक्ती आहे. आज्ञेत डॅश आणि 'डब्ल्यू-फेटल-एरर्स' लिहिलं की जीसीसी पहिल्याच एररला थांबतो. भित्र्या मुलांना पहिले दोन महिने मी हेच लावून देते.

ओळीच्या आकड्याबद्दलही हेच. कंपायलर जो आकडा सांगतो ती चूक झाल्याची जागा असेलच असं नाही. चूक त्याच्या लक्षात आली ती जागा असते. बाराव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला, तर जुना कंपायलर तेराव्या ओळीकडे बोट दाखवतो, कारण तेरावी वाचेपर्यंत त्याला बारावी संपली की नाही हेच कळत नाही. महिरपी कंस बंद करायचा राहिला तर तो थेट फाइलच्या शेवटी तक्रार करतो. तेव्हा दाखवलेल्या ओळीत काही सापडलं नाही तर वर वर जायचं.

अर्धविरामावरून आठवलं. आमच्याकडच्या एका मुलाच्या प्रोग्रामात अर्धविराम होता, सगळ्यांना दिसत होता, तरी कंपायलर 'स्ट्रे ३३०, स्ट्रे २३३' म्हणत हटून बसला. मुलगा उर्दूत पत्र टाइप करून उठला होता आणि कीबोर्ड उर्दूवरच राहिला होता. उर्दूतला अर्धविराम उलटा असतो. तो दोन बाइटचा, म्हणून दोन तक्रारी. पडद्यावरची अक्षरं बारीक, घाईत उलटं-सुलटं कुणाला दिसतंय! आकडे पाहिले, यंत्राला नेमकं काय मिळालं ते कळलं आणि उलगडा झाला. त्या मुलाला माध्यमाची लाज वाटत होती. मी म्हटलं, इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ही एरर कधी बघायलाही मिळणार नाही, वहीत लिहून ठेव.

आता त्या मुलीच्या प्रोग्रामाकडे येऊ. गोल अवतरणं गेली. दोन वॉर्निंग आल्या आणि त्यांच्या खाली तीन ओळी, तिन्ही एकाच घाटाच्या: 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू' आणि पुढे एक नाव. एकदा क्लिअर-स्क्रीन, एकदा गेट-सीएच, एकदा वर्गमूळ काढणारं एसक्यूआरटी. सर्वांत खाली 'एलडी रिटर्न्ड वन'. एलडी हे लिंकरचं नाव. म्हणजे तिसऱ्याच प्रयत्नात आम्ही चौथ्या कारागिरापर्यंत पोचलो होतो. तिचं व्याकरण पास झालं होतं, आणि हे मी तिला मोठ्याने सांगितलं.

जोडाऱ्याच्या तक्रारीत बहुधा आपल्या प्रोग्रामातल्या ओळीचा आकडा नसतो, कारण त्याच्या हाती आपला मजकूर नसून तयार भाग आलेले असतात. तो एवढंच म्हणतो, या नावाचा भाग हवा असं इथे लिहिलंय, तो मला कुठे मिळाला नाही. तेव्हा प्रोग्रामात अर्धविराम शोधत बसण्यात अर्थ नाही. भाग कुठून येणार होता, हे विचारायचं. क्लिअर-स्क्रीन आणि गेट-सीएच येणार होते टर्बो सीमधून, ते इथे येणारच नाहीत; त्या ओळी काढल्या. वर्गमूळाचं वेगळं. ते लिनक्सवर आहे, पण गणिताच्या स्वतंत्र लायब्ररीत, आणि ती मागून घ्यावी लागते. आज्ञेच्या शेवटी डॅश, एल, एम. शेवटीच, उबुंटूवर फाइलच्या नावाआधी लिहिलं तर जोडारी ती लायब्ररी बघतो, अजून कुणी काही मागितलेलं नसतं म्हणून बाजूला ठेवतो, आणि नंतर नाही म्हणतो.

"पण आपा, मी मॅथ डॉट एच लिहिलंय ना वरती?"

हा प्रश्न प्रत्येक बॅचला पडतो आणि तो चांगला प्रश्न आहे. दावतीच्या पत्रिकेत बिर्याणी आहे असं छापलं म्हणून डेग चुलीवर चढत नाही. हेडर फाइल ही पत्रिका. वर्गमूळ नावाचं काहीतरी आहे, ते एक संख्या घेतं आणि एक देतं, एवढंच ती सांगते. बिर्याणी लायब्ररीत शिजते. पत्रिका नसेल तर दुसरा कारागीर कुरकुरतो, बिर्याणी नसेल तर चौथा.

गंमत म्हणजे याच प्रोग्रामात तिने थेट पंचवीसचं वर्गमूळ मागितलं असतं तर डॅश-एलएमशिवायही चाललं असतं. संख्या आधीच ठाऊक असेल तर जीसीसी कंपाइल करतानाच उत्तर काढून टाकतो आणि लायब्ररीची गरजच पडत नाही. आणि मॅकवर तर ती लायब्ररी मागावीच लागत नाही. म्हणून 'मैत्रिणीचा चालतो, माझा नाही' हे ऐकलं की मी कुणाला मठ्ठ ठरवत नाही. यंत्र कुठलं, आवृत्ती कुठली, आज्ञा काय दिली, एवढं विचारते.

आवृत्तीचंच बघा. त्या दोन वॉर्निंग क्लिअर-स्क्रीन आणि गेट-सीएचबद्दल होत्या: यांची ओळख न करून देता वापर केलाय. सीच्या १९९९ च्या प्रमाणाने असा वापर बाद केला होता, पण जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून जीसीसी नुसतं खाकरून पुढे जाऊ द्यायचा. २०२४ मध्ये चौदावी आवृत्ती आली आणि त्या खाकरण्याची एरर झाली. तोच प्रोग्राम आमच्या जुन्या डेस्कटॉपवर चौथ्या कारागिरापर्यंत जातो आणि माझ्या लॅपटॉपवर दुसऱ्यापाशीच थांबतो. एकच दोष, दोन यंत्रं, दोन वेगळे आवाज. तसंच २०२० साली दहाव्या आवृत्तीत झालं. हेडर फाइलमध्ये सरळ एखादा व्हेरिएबल लिहून ती दोन फाइलींत घेतली, तर पूर्वी दोन्ही गुपचूप एक व्हायचे. आता जोडारी 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणून अडवतो. वस्तू एकाच फाइलीत ठेवा आणि हेडरमध्ये 'एक्स्टर्न' लिहून नुसती खबर द्या, म्हणजे सुटतं. कालपर्यंत चालणारी गोष्ट आज अडली तर माणूस बदललेला नसतो, दारावरचा पहारा बदललेला असतो.

काही अडथळ्यांमागे तर एवढंही कारण नसतं. पुढच्या सत्रात मुलं मेक वापरायला लागतात. हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्येच १९७६ साली केलं. त्याच्या फाइलीत आज्ञेच्या ओळीआधी टॅब लागतो, मोकळ्या जागा चालत नाहीत. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं आणि मेक म्हणतो, 'मिसिंग सेपरेटर'. फेल्डमन यांनीच पुढे सांगितलं आहे की टॅबची अडचण त्यांना लवकरच कळली होती, पण तोवर डझनभर लोक वापरायला लागले होते आणि त्यांची घडी त्यांना मोडायची नव्हती. त्या डझनभरांच्या सोयीपायी जवळपास पन्नास वर्षं जगभरची पोरं टॅबपाशी ठेचकाळतायत. हे मी मुद्दाम सांगते. समोरच्या भिंतीतल्या कितीतरी विटा अशा योगायोगाने बसलेल्या असतात, आणि मुलांना वाटतं की ही भिंत आपली लायकी मोजायला बांधली आहे.

हसायलाही मिळतं म्हणा. एकदा जोडारी 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेन' म्हणू लागला. सीचा प्रत्येक प्रोग्राम मेन नावाच्या फंक्शनपासून सुरू होतो. ते तर लिहिलेलं होतं. पण नीट पाहिलं तर इंग्रजीतली मधली दोन अक्षरं उलटी पडून 'मेन'चं 'मियाँ' झालं होतं. कंपायलरने मियाँला बिनतक्रार आत घेतलं, कारण कुठल्याही नावाचं फंक्शन त्याला चालतं. सुरुवात करून द्यायची वेळ आली तेव्हा जोडाऱ्याने विचारलं, मेन कुठे आहे? त्या रविवारी अभ्यासिकेत पुढचा तासभर अभ्यास झाला नाही.

आता एक शॉर्टकट सगळ्यांच्या खिशात आहे. एररसकट प्रोग्राम एआयला चिकटवला की दुरुस्त प्रोग्राम परत येतो. मी त्याला मनाई करत नाही. एररचा अर्थ विचारायला ते चांगलं साधन आहे. पण तोंडी परीक्षेत आणि पुढे नोकरीत, यंत्र नेमकं काय म्हणतंय हे आपल्यालाच सांगावं लागतं. शिवाय सगळ्यात वाईट चूक एरर देतच नाही. आमच्या त्या प्रोग्रामात शेवटी हेच निघालं. दोन मुळं समान आहेत का हे तपासताना तिने बरोबरचं चिन्ह दोनदाऐवजी एकदाच टाकलं होतं. सीमध्ये त्याचा अर्थ 'शून्य आहे का' असा होत नाही, 'शून्य करून टाक' असा होतो. कंपाइल झालं, चाललं, आणि उत्तर चुकलं. कारागिरांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. आज्ञेत डॅश आणि 'डब्ल्यू-ऑल' जोडल्यावर कंपायलरने त्या ओळीवर वॉर्निंग दिली. ती मुलगी म्हणाली, "मतलब बोलता सो अच्छा है." बोलतोय तोवर बरं. मला हे याहून नीट सांगता आलं नसतं.

जीसीसीचे हे निरोप स्वयंसेवकांनी अनेक भाषांत उतरवले आहेत. तुर्कीत आहेत, इंडोनेशियनमध्ये आहेत, व्हिएतनामीत आहेत. मराठीत नाहीत, उर्दूतही नाहीत. हे कळल्यावर त्या मुलीने एक दोनशे पानी वही केली. डावीकडे एरर जशी आली तशी इंग्रजीत. उजवीकडे तिच्या भाषेत, म्हणजे अर्धी मराठी, अर्धी आमची दखनी. खाली तीन गोष्टी: कोण बोललं, कुठल्या आवृत्तीत, आणि कशाने गेलं. 'अनडिफाइन्ड रेफरन्स'च्या पुढे तिने लिहिलंय, 'पत्रिका है, डेग नै.'

प्रॅक्टिकलमध्ये ती पास झाली. गुण फार नाहीत. अब्बांनी घेतलेले पैसे अजून फिटायचे आहेत, पण मशीनवर बसायची भाषा थांबली आहे. तिसऱ्या सत्राची फी भरली, सुट्टीत मशीनही चालवलं, त्यातून पुस्तकं आली. ते मशीन तिला पूर्वीही नावडतं नव्हतं, फक्त पळून जाऊन त्यावर बसायचं नव्हतं.

वहीत आतापर्यंत एकेचाळीस नोंदी झाल्या आहेत. नवी मुलं ती झेरॉक्स करून नेतात. मागच्या रविवारी एक जण तिच्याकडे धावत आला, "आपा, बावीस एरर!" आता तिलाही आपा म्हणतात. तिने पडद्याकडे न बघताच विचारलं, "पैली कौन सी है? और बोल कौन रहा है?"

तो परत गेला आणि वर वर सरकत पहिली ओळ शोधू लागला.